बँक अडकली, पतसंस्था बुडाली: दोष कुणाचा? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पतसंस्थेच्या शटरवर 'तांत्रिक कारणाने व्यवहार बंद' असा कागद चिकटला की कोल्हापुरात संध्याकाळपर्यंत निकाल तयार असतात. लक्ष्मीपुरीतला व्यापारी म्हणतो चेअरमनने खाल्लं. चेअरमन म्हणतो कर्जदारांनी बुडवलं. कर्जदार सरकारच्या धोरणावर घसरतो, आणि मिरजकर तिकटीला कुणीतरी रिझर्व्ह बँकेचा उद्धार करत असतो. सहकारातल्या हिशेबाचं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ठेवीदारांच्या बैठकीत आणि लग्नाच्या पंगतीतही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केलेत. उत्तरं सगळ्यांना रुचतील असं नाही.

सरळ सांगा, दोष कुणाचा?

'सगळ्यांचाच थोडाथोडा' हे उत्तर संचालक मंडळांना फार आवडतं. आम्हाला ते मान्य नाही. आम्ही दोनच गोष्टी बघतो: कर्ज खराब आहे हे कुणाला माहीत होतं, आणि ते थांबवायची सही कुणाच्या हातात होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ज्यांच्याकडे होत्या, ते पहिले दोषी. म्हणजे कर्ज समितीतले संचालक आणि त्यांच्या पुढ्यात फाईल ठेवणारे वरिष्ठ अधिकारी. लेखापरीक्षकाला माहिती असते, पण थांबवायचा अधिकार अर्धाच. सहकार खातं आणि रिझर्व्ह बँक यांच्याकडे अधिकार मोठा, माहिती मात्र उशिरा पोचते. कधी पोचूनही टेबलावर पडून राहते. ठेवीदाराकडे दोन्ही नसतं, म्हणून तो यादीत सगळ्यात शेवटी.

पण पैसे तर कर्जदाराने बुडवले. खरा चोर तोच ना?

कर्जदार दोन प्रकारचे असतात आणि त्यांना एका दावणीला बांधणं चूक आहे. शिरोलीच्या फौंड्रीवाल्याच्या ऑर्डरी बंद पडल्या, हप्ते थकले, तर तो अडचणीतला कर्जदार. त्याचं तारण खरं असतं, माणूस खरा असतो आणि तो फोन उचलतो. दुसरा प्रकार म्हणजे कर्ज घेतानाच फेडायचं नाही हे ठरवून आलेला. पण असल्या माणसाला आतून कुणीतरी साथ दिल्याशिवाय मोठी रक्कम उचलताच येत नाही. जमिनीचं मूल्यांकन फुगवणारा व्हॅल्युअर, तो अहवाल न वाचता पुढे सरकवणारा मॅनेजर आणि 'आपल्या गटातला आहे, बघून घ्या' असा फोन करणारा संचालक, एवढी साखळी लागते.

'नवं-जुनं' करतात म्हणजे नेमकं काय करतात?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक संस्था दरोड्याने बुडत नाहीत, नवं-जुनं करून बुडतात.

समजा इचलकरंजीतल्या एका यंत्रमागवाल्याचं २० लाखांचं कर्ज आहे, व्याज १५ टक्के. वर्षभर हप्ता आलेला नाही. ३१ मार्चला खात्यावर २३ लाख येणे आहे. खातं थकीत दाखवलं तर तरतूद करावी लागेल, म्हणजे बुडू शकणाऱ्या कर्जासाठी नफ्यातून पैसे बाजूला काढावे लागतील, नफा घटेल, ऑडिटचा वर्ग घसरेल. मग संध्याकाळी सातनंतर, गिऱ्हाईक गेल्यावर, काम सुरू होतं. त्याच्या भावाच्या नावाने नवा अर्ज लिहिला जातो, त्यावर आठवड्यापूर्वीची तारीख पडते. जामीनदार म्हणून त्याच कारखान्यातले दोन कामगार उभे केले जातात. त्यांना आपण कशावर सही केली हे पुढे वसुलीची नोटीस आल्यावर कळतं. २३ लाख मंजूर होतात, भावाच्या सेव्हिंग खात्यात जमा पडतात आणि पुढच्याच व्हाउचरने जुन्या कर्जखात्यात जातात. तिजोरी उघडलेली नसते, एक नोट हललेली नसते. जुनं खातं निल होतं. ३ लाखांचं व्याज उत्पन्नात धरलं जातं, त्यावर नफा निघतो, नफ्यावर लाभांश वाटला जातो. म्हणजे जे व्याज कधी आलंच नाही, ते ठेवीदारांच्या पैशातून सभासदांना वाटून मोकळे.

असं दर मार्चला केलं की पाचव्या मार्चला तेच कर्ज ४० लाखांवर पोचतं. तारण तेच, जुने माग आणि पत्र्याची शेड. आता हे कर्जदाराने बुडवलं म्हणायचं, की दर ३१ मार्चला रात्री थांबून ज्यांनी सह्या केल्या त्यांनी?

महापुरानंतरही कर्जं वाढवून दिली होती. तेही नवं-जुनंच का?

नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीर, हातकणंगले भागात ऊस, दुकानं, माग पाण्याखाली गेले. तेव्हा कर्जाची पुनर्रचना उघडपणे, नियमाने, कागदावर कारण लिहून झाली. नवं-जुनं लपवून केलं जातं, हा त्यातला फरक.

गुन्हा नेहमी मॅनेजर-कॅशियरवर दाखल होतो. संचालक सुटतात कसे?

मॅनेजरची सही प्रत्येक व्हाउचरवर असते. चेअरमनचा तोंडी निरोप कुठल्याच कागदावर नसतो. शिवाय इतिवृत्त नंतर लिहिता येतं, आणि त्यात 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' हे वाक्य छापल्यासारखं असतं. नागरी सहकारी बँकांनी संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच बंदी घातली. ठेवतारणासारखे मोजके अपवाद सोडले तर दार बंद आहे. म्हणून मग कर्ज ड्रायव्हरच्या, गड्याच्या, दूरच्या पाहुण्याच्या नावावर निघतं. मॅनेजर निर्दोष असतो असं नाही. नोकरी जाईल म्हणून सही केली हे कारण माणूस म्हणून कळतं, पण ठेवीदाराच्या कामाचं नाही.

ऑडिट वर्ग 'अ' होता. मग संस्था बुडाली कशी?

'अ' वर्गाची फ्रेम काउंटरमागे लटकलेली असते आणि लोक ती बघून ठेव ठेवतात. पतसंस्थेचा लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेतला असला तरी त्याची निवड वार्षिक सभा करते, म्हणजे व्यवहारात चेअरमन करतो. जो फी देतो त्याच्याच चुका काढायच्या, हे अवघड दुखणं आहे. तरी कायद्याने त्याला सुटका नाही. गैरव्यवहार दिसला तर निबंधकांच्या संमतीने पोलिसांत फिर्याद देण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. एप्रिल महिन्याची खातेवही उघडली आणि मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांतली मोठी कर्जं पाहिली तर नवं-जुनं अर्ध्या दिवसात सापडतं. ज्याला सापडत नाही, त्याने शोधलेलं नसतं.

नागरी बँकांचं आता थोडं बरं आहे. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर त्यांच्या वैधानिक लेखापरीक्षकासाठी रिझर्व्ह बँकेची आधी मान्यता लागते.

रिझर्व्ह बँक काय झोपली होती?

मुंबईच्या पीएमसी बँकेचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. चौकशीत निघालं की बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून जास्त रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती लपवायला २१,००० हून अधिक बनावट खाती उभी केलेली होती. इतकं सगळं वर्षानुवर्षे तपासणीतून निसटलं, यात तपासणाऱ्याचा दोष नाही असं कोण म्हणेल?

रिझर्व्ह बँकेची बाजूही आहे. १९६६ पासून सहकारी बँकांवर दोन मालक होते. बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, निवडणूक, संचालक मंडळ हे सगळं सहकार खात्याकडे. दोघांच्या मध्ये जागा भरपूर होती, आणि आपल्याकडच्या पुढाऱ्यांना तिथे बसायची सवय लागली. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलला आणि मंडळ बरखास्तीपासून विलीनीकरणापर्यंतचे अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाले. त्यामुळे इथून पुढे 'आमच्या हातात नव्हतं' ही सबब तिला मिळणार नाही.

निर्बंधांचा मात्र आम्हाला राग आहे. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधल्या साडेनऊ वर्षांत कितीतरी म्हातारे ठेवीदार पैशाची वाट बघत गेले. बँक वाचवायची की बंद करायची हे ठरवायला एवढा वेळ लावणं हा स्वतंत्र दोष आहे, आणि तो घोटाळा करणाऱ्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

पतसंस्था आणि बँक एकच ना? दोन्हीकडे पासबुक मिळतं.

एकच नाहीत. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत. 'मल्टिस्टेट' असेल तर तिच्यावर देखरेख ठेवणारा केंद्रीय निबंधक दिल्लीत. आणि पतसंस्थेच्या ठेवीला ५ लाखांचं विमा संरक्षण नाही. रोजची बचत दारात येऊन गोळा करणारा पिग्मी एजंट हे सांगत नाही.

ते ५ लाख नक्की मिळतात का?

बँकेत असतील तर मिळतात. हा विमा कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि तब्बल २७ वर्षं तिथेच राहिली. पीएमसीनंतर, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख.

५ लाख म्हणजे एका माणसाचे एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. राजारामपुरी शाखेत चार आणि शाहूपुरी शाखेत चार ठेवले तर ८ लाख सुरक्षित होत नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत ही रक्कम द्यायची आहे. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नाही. ५ लाखांच्या वरची रक्कम अवसायकाच्या, म्हणजे बंद बँकेचा हिशेब मिटवणाऱ्या अधिकाऱ्याच्या वसुलीवर, आणि त्या वसुलीत आधी विमा महामंडळ आपले पैसे परत घेतं.

साखर कारखान्यांमुळे बँका अडचणीत येतात, हे खरं का?

अर्धं खरं. कारखाना गोदामातल्या साखरेवर मालतारण कर्ज उचलतो, त्यातून शेतकऱ्याचं बिल भागवतो. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर द्यायचा, हा नियम. साखर मात्र वर्षभर विकली जाते. दर पडला की गोदामातली साखर कर्जाला पुरत नाही, यालाच शॉर्ट मार्जिन म्हणतात. २०१८-१९ च्या हंगामात एफआरपी क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी ती ३५५ झाली. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला. हा भाग दिल्लीच्या धोरणाचा, त्याबद्दल कारखान्याला किंवा बँकेला शिव्या घालून उपयोग नाही.

दुसरा अर्धा भाग आपला घरचा. कारखान्याचा चेअरमन आणि कर्ज देणाऱ्या बँकेतला संचालक एकाच पार्टीचे, कधी एकाच घरातले. मागणारा आणि देणारा एकाच गाडीतून उतरला तर प्रस्तावाची छाननी कोण करणार? त्यात राज्य सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार भरेल ही हमी मिळाली की बँकेलाही चिंता उरत नाही. राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त झालं, त्यामागे साखर कारखान्यांची कर्जं हा मोठा विषय होता.

कर्जमाफीने शेतकऱ्यांना सवय लागली, असं म्हणतात.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे ऐकवू नका. इथे सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातूनच वळतं होतं, त्यामुळे नियमित फेडणारे जास्त. महात्मा जोतिराव फुले योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं तेव्हा याद्यांत आपल्या जिल्ह्यातली गर्दी दिसलीच. उलट २००८ च्या माफीत कमाल मर्यादेपेक्षा जास्त कर्ज दिलं म्हणून इथले हजारो शेतकरी अपात्र ठरले आणि प्रकरण कोर्टात गेलं. मर्यादेपेक्षा जास्त कर्ज शेतकऱ्याने स्वतःच्या सहीने मंजूर केलं नव्हतं.

निवडणुकीच्या तोंडावर माफीची हवा झाली की वसुली थंडावते, हेही खरं. तो दोष हवा करणाऱ्याचा.

नोटाबंदीने जिल्हा बँका अडचणीत आल्या का?

१४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, आणि आधी घेतलेल्या नोटा २०१७ च्या जूनपर्यंत तिजोरीत पडून राहिल्या. त्यावर व्याज शून्य, ठेवीदाराला द्यायचं व्याज चालूच. हा भुर्दंड बँकांनी ओढवून घेतलेला नव्हता. पण त्याआधीच पोखरलेल्या संस्थांनी पुढे सगळं पाप नोटाबंदीवर घातलं, त्याला काही अर्थ नाही.

जादा व्याजाच्या हावेने ठेव ठेवली, म्हणजे ठेवीदाराचाच दोष, असं आम्हाला ऐकवतात.

गोकुळला दूध घालून महिन्याला चार पैसे मागे टाकणारी बाई दीड टक्का जास्त मिळतं म्हणून गल्लीतल्या पतसंस्थेत ठेव ठेवते. ती हावरट नाही. पतसंस्था जवळ आहे, मॅनेजर ओळखीचा आहे, फॉर्म भरून देतो आणि राष्ट्रीयीकृत बँकेसारखं 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' म्हणत नाही. हे ऐकवणाऱ्यांना आधी विचारा, तुमची ठेव तिथे होती का, आणि शटर पडायच्या आदल्या आठवड्यात ती कुणी काढली.

महिन्याला पाच-दहा टक्के देतो म्हणणाऱ्या शेअर ट्रेडिंगवाल्यांकडे घर गहाण टाकून पैसे दिले, तर मात्र आमची सहानुभूती आहे, समर्थन नाही.

सभासदांचं काय? मालक तेच ना?

आपल्या वार्षिक सभा तुम्ही पाहिल्यात. चेअरमन अहवाल वाचायला उभे राहतात, पुढच्या चार रांगांत सकाळपासून बसवून ठेवलेली मंडळी 'मंजूर, मंजूर' ओरडतात, मागून कुणी 'नामंजूर' ओरडतं, माईकची ओढाओढ होते, आणि पंधरा मिनिटांत राष्ट्रगीत. ज्याला ताळेबंदाच्या पानावर प्रश्न विचारायचा असतो तो हात वर करूनच घरी जातो. मालक म्हणून सभासदांचा दोष आहेच, पण लाभांश १५ टक्के मिळाला, भेटवस्तू मिळाली म्हणून जे 'मंजूर' ओरडले त्यांचा जास्त.

नुसत्या अफवेने चांगली बँक बुडू शकते का?

अडकू शकते. १०० रुपयांच्या ठेवीतले साठ-सत्तर रुपये कर्जात गुंतलेले असतात. सगळे एकाच दिवशी मागायला आले तर कुठलीच बँक देऊ शकत नाही. २००८ च्या सप्टेंबरअखेर देशातल्या एका मोठ्या खासगी बँकेबद्दल अशी हवा उठली, एटीएमवर रांगा लागल्या, रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावं लागलं. बँक सावरली, कारण आत पैसा होता. व्हॉट्सअॅपवर ऐकीव मेसेज पुढे ढकलणारा दोषी आहे. पण ज्या संस्थेने चार वर्षं खरा ताळेबंद दाखवला नाही, तिच्याबद्दल लोक अफवेवर विश्वास ठेवतात, याचं नवल वाटायला नको.

२००८ ला अमेरिकेत बँका बुडाल्या, त्यात दोष कुणाचा ठरला?

तिथे उत्पन्न न तपासता घरकर्जं दिली, ती एकत्र बांधून रोखे म्हणून पुढे विकली. देणाऱ्याला वसुलीची फिकीरच उरली नाही. पतमापन संस्थांनी त्या रोख्यांना सर्वोच्च श्रेणी दिली, आणि त्यांची फी रोखे काढणारेच देत होते. लेमन ब्रदर्स १५ सप्टेंबर २००८ ला कोसळली. तिथल्या चौकशी आयोगाने जानेवारी २०११ मध्ये सांगितलं की हे संकट टाळता येण्यासारखं होतं. फी देणाऱ्याला चांगला शेरा देणारा तपासनीस आपल्याला अनोळखी नाही.

आपल्या भागातल्या जुन्या बँका कुठे गेल्या?

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. १९४३ ची कोल्हापूरची रत्नाकर बँक आता आरबीएल नावाने देशभर आहे. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट कराड बँकेची. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात मुंबईत रोखे हातात नसताना पावत्या दिल्या गेल्या आणि बँक अवसायनात गेली. कराड-पाटणच्या ठेवीदाराला तो बाजार स्वप्नातही माहीत नव्हता. पुढे १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने ती घेतली.

संचालकांच्या मालमत्तेतून पैसे वसूल होतात का?

कायदा आहे, वेग नाही. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी, ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित. रक्कम माणशी ठरते आणि मग अपील शासनाकडे जातं, म्हणजे मंत्र्यांच्या दालनात. तिथे स्थगिती मिळाली की संचालक पुढच्या निवडणुकीच्या तयारीला मोकळा. पतसंस्थेच्या बाबतीत ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा जास्त धारदार, त्यात मालमत्ता जप्त होते आणि विशेष न्यायालय असतं. कर्जदाराचं तारण ताब्यात घ्यायला सहकारी बँकांना सरफेसी कायदा वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये पक्कं केलं, आणि तो खटला आपल्या मुरगूडच्या बँकेचा होता.

ठेव ठेवण्याआधी काय बघू?

पतसंस्थेचा अहवाल मागा आणि 'येणे व्याज', म्हणजे हिशेबात धरलेलं पण हातात न आलेलं व्याज, ही ओळ शोधा. ते दरवर्षी फुगत असेल तर नफा कागदावरचा आहे. थकबाकीचं प्रमाण दोन-तीन वर्षांचं शेजारी ठेवा. आणि ते ३१ मार्चला शून्य असेल तर खूश होऊ नका, शंका घ्या. कर्जं किती लोकांत विभागली आहेत ते विचारा. इमारत, एसी, चेअरमनची गाडी बघू नका.

चेअरमन आमच्या पाहुण्यातले आहेत. विचारायचं कसं?

तोंडी विचारूच नका, तोंडी विचारलं की चहा येतो आणि विषय बदलतो. साध्या कागदावर सभासद क्रमांक घालून अर्ज लिहा: लेखापरीक्षण अहवाल आणि दोषदुरुस्ती अहवालाची (ऑडिटमधल्या चुका कशा दुरुस्त केल्या त्याची) प्रत मिळावी. दोन प्रती करा, एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. पंधरा-वीस दिवस उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून उपनिबंधक कार्यालयात दुसरा अर्ज द्या, आणि मुदत संपताच ठेव काढून घ्या. पाहुणे रुसले तर दिवाळीला फराळ घेऊन जा.